रिकाम्या खुर्च्यांचा संविधान दिन : राणीसावरगावातून २६ नोव्हेंबरकडे पाहताना (थ्रेड)

१/ दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की मराठवाड्यातील समाजमाध्यमांवर दोन प्रकारचे मजकूर फिरू लागतात. पहिल्यात उद्देशिकेचे सुबक चित्र असते आणि त्याखाली जोडलेले हात. दुसऱ्यात तिरका प्रश्न असतो : "२६ जानेवारी असताना हा आणखी एक दिवस कशाला? आणि आपला खरा दिवस तर १७ सप्टेंबर!" हा थ्रेड या दोन्ही मजकुरांविरुद्ध आहे. पहिला संविधानाला देव्हाऱ्यात बसवतो, दुसरा त्याला परके ठरवतो. पुस्तक उघडून वाचण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत.

२/ आपली पाठ्यपुस्तके संविधानाची गोष्ट दिल्लीच्या सभागृहातून सुरू करतात. आपण ती गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावातून सुरू करू. एखादा दिवस 'राष्ट्रीय' असेल, तर त्याचा अर्थ अशा गावात उभे राहून सांगता आला पाहिजे. तो तेथे सांगता येत नसेल, तर दिल्लीतील रोषणाईला फारसे मोल नाही. आणि येथे पहिल्याच पावलाला अडचण येते : २६ नोव्हेंबर १९४९ रोजी हे गाव हैदराबाद संस्थानात होते.

३/ आधी त्या दिवसाच्या नोंदी नीट मांडू. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुमारे तीन वर्षांच्या कामानंतर, ३९५ कलमे आणि ८ अनुसूची असलेले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. सदस्यांच्या स्वाक्षऱ्या २४ जानेवारी १९५० रोजी झाल्या आणि २६ जानेवारीपासून ते पूर्णपणे अमलात आले.

४/ आता पहिला आक्षेप : "मग २६ जानेवारी पुरेसा आहे." हा आक्षेप घेणाऱ्यांनी कलम ३९४ वाचलेले नसते. सारे संविधान जानेवारीची वाट पाहत थांबले नव्हते. काही मोजकी कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच तत्काळ लागू झाली. त्यांत नागरिकत्वाची कलमे ५ ते ९ होती आणि निवडणूक आयोगाचे कलम ३२४ होते. क्रम पाहा. नागरिक कोण, हे आधी ठरले. त्याचे मत कोणत्या यंत्रणेमार्फत घ्यायचे, हे त्याच दिवशी ठरले. राष्ट्रपती, संसद, न्यायालये यांचा कारभार त्यानंतर.

५/ दोन तारखांतील फरकही समजून घ्यावा. २६ जानेवारी ही तारीख १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेची आठवण म्हणून निवडली गेली. तिचा मान मोठा आहे. परंतु उद्देशिकेच्या मजकुरात जी तारीख कोरलेली आहे, ती २६ नोव्हेंबरची. जानेवारीत गणराज्य सुरू झाले. नोव्हेंबरात लोकांच्या नावाने शब्द दिला गेला. शब्द दिल्याचा दिवस वेगळा लक्षात ठेवावा लागतो, कारण दिलेल्या शब्दाचा जाब त्याच दिवशी विचारता येतो.

६/ "हा दिवस २०१५ मध्ये सरकारने वरून लादला," असेही ऐकू येते. केंद्र शासनाची अधिसूचना नोव्हेंबर २०१५ ची, हे खरे. पण १९७९ पासून वकीलवर्ग हीच तारीख 'कायदा दिन' म्हणून पाळत होता. महाराष्ट्रात नागपूर जिल्हा परिषदेने २००५ पासूनच शाळांत संविधान दिन सुरू केला होता. दिल्लीने मोहोर उमटवण्याच्या दहा वर्षे आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले उद्देशिका वाचत होती. तेव्हा हा दिवस कोणा एका पक्षाचा वा सरकारचा प्रसाद नव्हे.

७/ दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. "आम्ही भारताचे लोक" असे म्हणणाऱ्यांत परभणीचे कोण होते? उत्तर : कोणीही नाही. संविधान सभेत साधारणपणे दर दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा होती. त्या हिशेबाने हैदराबाद संस्थानाच्या वाट्याला सोळा जागा येत होत्या. त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. कोल्हापूर संस्थानाकडून रत्नाप्पा कुंभार त्या सभेत होते. आपल्या मराठी मुलखातील इतरही अनेक जण होते. गोदावरीच्या खोऱ्यातील मराठवाड्याचा आवाज तेवढा तेथे नव्हता.

८/ खुर्च्या रिकाम्या का होत्या? निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी केवळ 'जैसे थे' करार केला. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. येथवरचा दोष निजामाचा. परंतु संविधानाच्या मसुद्यावरील चर्चा ४ नोव्हेंबर १९४८ पासून सुरू झाली आणि वर्षभर चालली. त्या वेळी हैदराबाद भारताच्या ताब्यात होते आणि तेथे लष्करी गव्हर्नर कारभार पाहत होते. तरीही खुर्च्या भरल्या गेल्या नाहीत. हा दोष निजामाच्या पदरात घालता येत नाही. इतिहास आपल्या सोयीचा तेवढाच सांगायचा नसतो.

९/ मग आपल्या वतीने होकार कोणी दिला? सरदार पटेलांनी १२ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्टपणे सांगितले होते की, बहुतेक संस्थानांत विधिमंडळे नसल्यामुळे तेथे संविधान संस्थानिकांच्या वा राजप्रमुखांच्या स्वीकृतीवरच लागू करावे लागेल. त्यानुसार २३ नोव्हेंबर १९४९ रोजी मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून भारताचे संविधान हैदराबादचे संविधान म्हणून स्वीकारले. ज्यांच्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, त्यांच्याच सहीने राणीसावरगाव 'आम्ही लोक' झाले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तेच या राज्याचे राजप्रमुख होते.

१०/ परंतु त्या फर्मानात एक अट होती आणि या थ्रेडचा सारा भार तिच्यावर आहे. ही स्वीकृती राज्यातील जनतेच्या अनुमोदनाच्या अधीन राहील, आणि ते अनुमोदन राज्याच्या स्वतंत्र संविधान सभेतून व्यक्त होईल, असे त्यात म्हटले होते. अशी सभा हैदराबादेत कधीच भरली नाही. कागदावरचे ते अनुमोदन कागदावरच राहिले. वाचकहो, ही अट नीट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडेच परत यायचे आहे.

११/ आक्षेप घेणारे येथे थांबतात आणि विजयी मुद्रेने म्हणतात, "म्हणजे लादलेलेच!" थोडे थांबा. कशावर लादलेले? त्याआधी राणीसावरगावचा माणूस कोण होता? तो रयत होता. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या हुकमाखाली परवानगी लागे. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच भरले. पण १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली गेली. ज्याला एकत्र बसून बोलण्याचीही मुभा नाही, त्याची संमती कोणत्या मार्गाने घेणार होतात?

१२/ निजामाने १९३९ मध्ये ज्या 'सुधारणा' जाहीर केल्या, त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रतिनिधित्व प्रदेशानुसार नव्हते. ते हितसंबंधांनुसार होते. जागीरदार, जमीनमालक, व्यापारी, वकील अशा गटांना जागा. म्हणजे तुम्ही कोण आहात यापेक्षा तुमच्याजवळ काय आहे, हे महत्त्वाचे. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला गटही नाही आणि मतही नाही. शेतात राबणाऱ्या बाईची तर त्या यादीत गणतीच नव्हती.

१३/ याच्या शेजारी संविधानाची कलमे ३२५ आणि ३२६ ठेवा. धर्म, वंश, जात, लिंग या कारणांवरून कोणालाही मतदारयादीतून वगळता येणार नाही. तेव्हाच्या तरतुदीनुसार २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळाले. गंगाखेड ही परंपरेने संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी दासी. त्याच तालुक्यातील दळणाऱ्या बाईचे मत आणि गढीवरल्या देशमुखाचे मत या कलमांनी एका वजनाचे केले. असा हुकूम या भूमीवर याआधी कोणत्याही राजाने, सुलतानाने, पेशव्याने वा निजामाने काढला नव्हता.

१४/ म्हणून 'लादलेले' हा शब्द येथे बसत नाही. संमती देण्यासाठी आधी संमतीचा अधिकार असावा लागतो, आणि तो अधिकारच या संविधानाने दिला. निजामाच्या सहीने दार उघडले असेल. पण आत आलेल्यांना त्या दाराचे मालकही याच संविधानाने केले. "म्हणजे श्रेय निजामाला देता काय?" मुळीच नाही. पराभवानंतर केलेली सही ही औदार्याची खूण नसते. परंतु सही कोणाची होती हे लपवण्याचेही कारण नाही.

१५/ जगात असे अन्यत्रही घडले आहे. जपानचे संविधान ३ मे १९४७ रोजी अमलात आले. त्याचा मसुदा अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या कार्यालयात तयार झाला होता आणि त्याची उद्घोषणा सम्राटाने केली होती. जन्माच्या वेळी ते जपानी जनतेचे म्हणावे असे फारसे काही नव्हते. तरी पुढच्या पिढ्यांनी ते आपले मानले, आणि आजवर त्यात एकही दुरुस्ती झालेली नाही. ३ मे हा तेथे संविधान स्मृतिदिन आहे. संविधान कोणाच्या हातून आले, यापेक्षा ते पुढे कोणी पेलले, हा प्रश्न इतिहासात अधिक काळ टिकतो.

१६/ मराठवाड्याने ते कसे पेलले? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठी येथील माणसे प्रथमच रांगेत उभी राहिली. दिल्लीत आणि हैदराबादेत काँग्रेसची सत्ता आली. परभणीने मात्र लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठवले. नुकताच रयतेचा नागरिक झालेला जिल्हा पहिल्याच संधीला सत्ताधाऱ्यांना 'नाही' म्हणाला. आणि तसे म्हटल्याने तो देशद्रोही ठरला नाही. फर्मानातील अटीची ही पहिली पूर्तता. 'हो' म्हणणे निजामाच्या राज्यातही शक्य होते. 'नाही' म्हणता येणे नवे होते.

१७/ आता १७ सप्टेंबरविषयी. मुक्तिसंग्रामाबद्दल लिहिताना हात आदरानेच चालतो. रझाकारांचे अत्याचार, तुरुंगवास, सरहद्दीवरील कॅम्प, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी खर्ची घातलेले तारुण्य, हे सारे खरे. पण त्या दिवशी सत्ता गेली ती निजामाकडून लष्करी गव्हर्नरकडे. जागीरदारी रद्द करण्याचा विनियम १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघाला. निर्णय उत्तम, पण तोही हुकमानेच आला. चांगला हुकूम हाही शेवटी हुकूमच. हुकमाच्या राज्यातून कायद्याच्या राज्यात आपण आलो ते संविधानामुळे. १७ सप्टेंबर नसता तर २६ नोव्हेंबर परभणीपर्यंत पोहोचला नसता. आणि २६ नोव्हेंबर नसता तर १७ सप्टेंबरला फक्त धनी बदलला असता.

१८/ आणखी एक अवघड पान उलटू. पोलीस कारवाईनंतर संस्थानात, विशेषतः उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत, निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली आणि तो अहवाल दीर्घ काळ प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी जाळलेले घर आणि नंतर जाळले गेलेले घर, ही दोन्ही घरे आपल्याच मुलखातील. फक्त मुक्तीचा दिवस पाळणारा यांपैकी एकच घर पाहतो. संविधानाचे कलम १४ आणि २१ दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर सारख्याच हक्काने उभे राहते. म्हणून ज्याला १७ सप्टेंबरचा अभिमान आहे, त्याला २६ नोव्हेंबरची गरज अधिक आहे.

१९/ आता पहिल्या प्रकारच्या मजकुराकडे, म्हणजे जोडलेल्या हातांकडे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी जे भाषण केले, त्यात अभिनंदनापेक्षा इशारे अधिक आहेत. राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे नेते, असे त्यांनी बजावले. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पिडलेले लोक हा सारा डोलारा उधळून लावतील, असे ते म्हणाले. त्या माणसाच्या ग्रंथाला हार घालून घरी जाणे म्हणजे त्याचे भाषण ऐकायचे नाकारणे होय.

२०/ गावाविषयीही त्यांचे मत कडवट होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी गावगाड्याच्या गौरवगानाला धुडकावून लावले आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे समाधान व्यक्त केले. गावकरी म्हणून हे वाचताना आपल्याला लागते. लागायलाच हवे. कारण गावाला अधिकार दिले असते, तर ते पाटील-कुलकर्ण्यांच्या ओसरीवरच थांबले असते; व्यक्तीला दिले म्हणून ते वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत पोहोचू शकले. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यातील दलित वस्त्या कोणी पेटवल्या, हे आठवले की त्यांच्या कडवटपणाचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

२१/ अलीकडची गोष्ट. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

२२/ या घटनेवर बहुतेकांनी आपापल्या बाजूचे बोलून घेतले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे : संविधान काचेच्या पेटीतील प्रतिकृतीत अधिक असते, की कलम २१ आणि २२ मध्ये? प्रतिकृती फोडणे हा गुन्हाच आहे. पण काच दुसऱ्या दिवशी बदलता येते. जिवाचा हक्क आणि अटकेतील माणसाचे हक्क एकदा मोडले की त्यांची काच बदलून मिळत नाही. त्या मृत्यूनंतर जी लढाई झाली, ती न्यायालयात, कलमांच्या आधाराने झाली. २६ नोव्हेंबरला हात जोडायचेच असतील, तर ते या कलमांसमोर जोडा. आणि मग ती वाचा.

२३/ "संविधानात आमचे काय आहे?" असे विचारणाऱ्या मराठवाड्यातील मित्रांना एक छोटे काम. कलम ३७१ (२) उघडा. तेथे 'मराठवाडा' हा शब्द छापलेला आहे. १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांनंतर, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद झाली. मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. त्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरला किती शाळांत, किती चौकांत या कलमाचा उच्चार झाला? उद्देशिका तोंडपाठ आणि स्वतःचे नाव असलेले कलम अनोळखी, अशी आपली गत आहे.

२४/ आता त्या अटीकडे परत येऊ. जनतेचे अनुमोदन देणारी हैदराबादची सभा भरली नाही. पण १९९३ पासून अमलात असलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो तिचा सदस्य. निवडून यावे लागत नाही, कोणी नेमावेही लागत नाही. म्हणजे जी सभा १९४९ च्या फर्मानाने कबूल केली आणि भरवली नाही, तिचे सर्वांत लहान आणि सर्वांत खरे रूप आज राणीसावरगावला उपलब्ध आहे. प्रश्न एवढाच की त्या सभेला बसते कोण?

२५/ नोव्हेंबरच्या अखेरीस गंगाखेडच्या या डोंगरी पट्ट्यात फिरून पाहा. अनेक घरांना कुलूप असते, अंगणात म्हातारे आणि लहान मुले. धडधाकट जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. संविधान दिनाच्या सकाळी जेव्हा गावात उद्देशिका वाचली जाते, तेव्हा ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे ते कोयता घेऊन फडात उभे असतात. कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ च्या कायद्याने कर्जापोटीची बांधिलकी गुन्हा ठरवली. तरी उचल फिटेपर्यंत फड न सोडता येणारा माणूस आपल्याच गावचा आहे. १९४९ मध्ये सोळा खुर्च्या रिकाम्या होत्या. आजच्या रिकाम्या खुर्च्या मोजायला आपण कधी सुरुवात करणार?

२६/ म्हणून एक सूचना. टोळ्या बाहेर पडण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, गावाने संविधानासाठी एक ग्रामसभा घ्यावी. तीत तीन गोष्टी वाचाव्यात : कलम २३, कलम ३७१ (२), आणि गावातून कोण कुठे कामाला जात आहे, त्यांच्या मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेचे काय, याची यादी. मग २६ नोव्हेंबरला त्या यादीचा हिशेब मांडावा. हार-तुरे त्यानंतर. याला खर्च नाही, परवानगी लागत नाही. 'गश्ती निशाण ५३' आता लागू नाही. लागते ती फक्त लाज, आणि थोडी चिकाटी.

२७/ आणि आपल्यासाठी, म्हणजे इतिहासाची आवड असलेल्यांसाठीही एक काम आहे. आपली पिढी किल्ल्यांचे बुरूज मोजते आणि तलवारींच्या लांबीवरून रात्ररात्र वाद घालते. तेही करावे. परंतु १९५२ मध्ये पहिले मत देणारी माणसे आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. जी थोडी उरली आहेत, ती आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. मतपेटी कुठे ठेवली होती, बायका कोणासोबत गेल्या, कोणी अडवले, कोणी हसले, हे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. रयत नागरिक कशी झाली, याचा हा शेवटचा तोंडी दस्तऐवज आहे. तो एकदा गेला की कोणत्याही दप्तरखान्यात मिळणार नाही.

२८/ समारोप. आमच्या वतीने २३ नोव्हेंबर १९४९ रोजी दुसऱ्याने सही केली, आणि तिच्याखाली आमच्या अनुमोदनासाठी जागा मोकळी सोडली. ती जागा १९५२ च्या रांगेने थोडी भरली; उच्च न्यायालयात दाद मागणाऱ्या प्रत्येक सामान्य माणसाने थोडी भरली; उरलेली अजून कोरी आहे. संविधान दिन हा त्या कोऱ्या जागेवर सही करण्याचा दिवस आहे. ज्याला ती सही करायची आहे, त्याने आधी वर काय लिहिले आहे ते वाचावे. आणि फडात गेलेला आपला शेजारी तेथे सही करू शकेल की नाही, हेही पाहावे. थ्रेड समाप्त.